शेवटची सही लंडनची

मंत्रालयातली कुठलीही नस्ती उघडून बघा. कक्ष अधिकाऱ्याची टिप्पणी, तिच्याखाली अवर सचिवाची सही, मग उपसचिव, मग सचिव, आणि शेवटी ठरलेले शब्द: ‘मान्यतेस्तव सादर’. ही मान्यता कोणी द्यायची हे आधीच ठरलेलं असतं. शिपायाच्या नेमणुकीची फाइल मुख्यमंत्र्यांपर्यंत जात नाही आणि मुख्य सचिवांच्या नेमणुकीची फाइल उपसचिवाच्या टेबलावर थांबत नाही.

आता अशीच एक फाइल १८६० च्या दशकातल्या मुंबईत ठेवून बघा. मुंबई इलाख्यात कलेक्टरची जागा रिकामी आहे. गव्हर्नरच्या नजरेत एक लायक माणूस आहे, पण तो नेहमीच्या साच्यातून आलेला नाही. गव्हर्नर त्याला नेमू शकत होता, पण फक्त तात्पुरतं. नेमल्याबरोबर, ‘यालाच का नेमलं’ याची खास कारणं लिहून कागद लंडनला पाठवायचे. तिथे भारतमंत्र्याच्या कौन्सिलची बैठक भरणार. हजर सभासदांपैकी बहुसंख्यांचा होकार पडला पाहिजे. आणि तो होकार नेमणुकीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत मुंबईला कळवला गेला पाहिजे. नाही कळवला, तर नेमणूक रद्द. नकार लिहून पाठवायचीही गरज नाही, लंडनचं मौन पुरेसं.

१८६१ च्या इंडियन सिव्हिल सर्व्हिस कायद्यातली ही तरतूद आहे. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये या विषयावर नेमलेल्या आयोगांची एक यादी असते: अॅचिसन, इस्लिंग्टन, ली. नावं पाठ होतात, साल पाठ होतं, पण नेमकं काय चाललं होतं ते कळत नाही. चाललं होतं ते एवढंच, की वरिष्ठ नेमणुकांवरची शेवटची सही लंडनहून हळूहळू इकडे सरकत होती. आणि ती सरकताना एक गोष्ट फार जपून बघावी लागते, ती म्हणजे कोणाकडे सरकते आहे. कलकत्ता, सिमला किंवा मुंबईचं सरकार म्हणजे इथली माणसं नव्हेत. तेही इंग्रजांचंच सरकार होतं. लंडननं अधिकार ‘भारत सरकार’ला दिला हे वाक्य वाचलं की आपल्याला आपसूक वाटतं, चला, काहीतरी आपल्याला मिळालं. बऱ्याचदा तसं काहीच नव्हतं.

सनद कोणाशी?

वर्तमानपत्रांत आपण आजही ‘सनदी अधिकारी’ लिहितो. आयएएस अधिकाऱ्याला आज कोणी सनद देत नाही, तरी शब्द टिकला, कारण त्याची मुळं कंपनीच्या काळात आहेत. वरच्या दर्जाचा नोकर रुजू होण्याआधी एका करारावर सही करायचा. हा करार असलेले ते सनदी, नसलेले ते बिनसनदी. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपून राणीचं राज्य आलं, तेव्हापासून हा करार होई भारतमंत्री आणि त्यांच्या कौन्सिलशी. भारतमंत्री म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळातला, लंडनमध्ये बसणारा मंत्री. त्याचं कौन्सिल सुरुवातीला पंधरा सभासदांचं होतं आणि त्यात इथे नोकरी करून परतलेल्या जुन्या अधिकाऱ्यांचा भरणा असे.

म्हणजे साताऱ्याचा कलेक्टर काम साताऱ्यात करायचा, हुकूम मुंबईचे पाळायचा, पगार इथल्या शेतसाऱ्यातून घ्यायचा, पण त्याचा मालक लंडनमध्ये. या लेखातली बाकीची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

१८६१ च्या कायद्याला एक परिशिष्ट होतं. त्यात सनदी नोकरांसाठी राखलेल्या जागांची नावंच दिली होती: सरकारचे सचिव, कलेक्टर, मॅजिस्ट्रेट, जिल्हा न्यायाधीश वगैरे. ही परिशिष्टातली जागा बाहेरच्याला द्यायची असेल तरच ती बारा महिन्यांची कसरत. पण हे परिशिष्ट सगळीकडे लागू नव्हतं. नागपूरकडचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड ‘नॉन-रेग्युलेशन’ म्हणजे नेहमीच्या कायदेकानूंबाहेरच्या मुलखात मोडत. तिथे लष्करी अधिकाऱ्यालाही जिल्ह्यावर बसवता येई, आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर न म्हणता डेप्युटी कमिशनर म्हणत. आजच्या एकाच महाराष्ट्रात पुण्याला कलेक्टर आणि नागपूरला डेप्युटी कमिशनर, हा फरक या वेगळेपणाची खूण होता.

सर्वांत वरच्या खुर्च्यांचं गणित आणखी वेगळं. मुंबई आणि मद्रासचे गव्हर्नर थेट राजसत्तेकडून नेमले जात, म्हणून ते व्हाइसरॉयला बगल देऊन भारतमंत्र्याशी परस्पर पत्रव्यवहारही करू शकत. लेफ्टनंट गव्हर्नर नेमायचा तो व्हाइसरॉयनं, पण राणीची मान्यता घेऊन. नागपूरचा चीफ कमिशनर मात्र व्हाइसरॉयच्या सरकारनं आपल्या अधिकारात नेमायचा. हायकोर्टात जागा रिकामी झाली तर हंगामी न्यायाधीश मुंबई सरकार बसवू शके, कायमचा मात्र राजसत्ताच नेमणार. १८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी रानडे आले, ते याच व्यवस्थेतून. पुण्यामुंबईत ज्यांच्या शब्दाला एवढं वजन होतं त्या रानड्यांचीही कायम नेमणूक कागदावर राणीच्या नावाची.

सोळावं चालू

इतक्या लांबून माणसं पारखताना काय होत असे, याचं १८६९ मधलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये होणाऱ्या परीक्षेत चार हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातले, तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगालचे आणि चौथे मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. याआधी ही परीक्षा पार केलेला एकच हिंदी माणूस होता, सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याला न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले.

चौघांपैकी सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद या दोघांची नावं लंडनच्या परीक्षा मंडळानं यादीतून काढली. कारण वय. उमेदवार एकवीस वर्षांच्या आत हवा होता, आणि मॅट्रिकच्या वेळी नोंदवलेल्या वयावरून हिशेब केला तर हे दोघे मर्यादा ओलांडत होते. आता आपल्या आजीला वय विचारलेलं आठवा. ती ‘सोळावं चालू आहे’ म्हणायची. पंधरा पूर्ण आणि सोळावं लागलेलं, हे आपलं सोळा. इंग्रजाचं सोळा म्हणजे सोळा पूर्ण. सबंध देशाची वय मोजायची ही रीत, पण निर्णय जिथे होत होता तिथल्या टेबलावर ती कोणाला ठाऊक नव्हती. सुरेंद्रनाथ कोर्टात गेले, राणीच्या न्यायपीठापुढे दाद मागितली, आणि मंडळाला नमतं घ्यावं लागलं. दोघांनाही परत घेतलं. परक्या देशातल्या कोर्टाची पायरी त्या पोरानं विशीत चढली, ती केवळ ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ एवढ्या फरकासाठी.

याच सुमाराला दोन गोष्टी घडल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेनं लंडनला जोडली गेली. तोवर टपालाला एका बाजूनं सुमारे महिना लागे, आणि त्या महिन्याचं मोठं संरक्षण इथल्या गव्हर्नरांना होतं. आधी करायचं आणि मग कळवायचं. तार आली आणि ‘आधी विचारा’ हे शक्य झालं. कागदावरचा कायदा एका अक्षरानं न बदलता लंडनचा हात लांब झाला.

अधिकार दिला, पण कोणाला?

आता अधिकार सोपवण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नाकडे येऊ. १८७० मध्ये पार्लमेंटनं कायदा केला, की गुणवत्ता आणि क्षमता सिद्ध केलेल्या हिंदी माणसांना परीक्षेशिवाय सनदी जागांवर नेमण्याचा अधिकार इथल्या सरकारला असावा. वाचायला फार चांगलं. अट एकच, नेमणुकीचे नियम व्हाइसरॉयच्या सरकारनं करायचे आणि त्यांना भारतमंत्र्याच्या कौन्सिलची मंजुरी घ्यायची.

नियम ठरायला नऊ वर्षं गेली. १८७९ मध्ये, लिटन व्हाइसरॉय असताना, ते आले. प्रांतिक सरकारनं नावं सुचवायची, व्हाइसरॉयच्या सरकारनं मान्यता द्यायची, आणि अशा नेमणुका वर्षाच्या एकूण भरतीच्या एकषष्ठांशाहून अधिक व्हायच्या नाहीत. ही ‘स्टॅट्युटरी सिव्हिल सर्व्हिस’. निवड करायची ती चांगल्या घराण्यातल्या, समाजात मान असलेल्या तरुणांमधून. शिकलेल्या, कर्तबगार, पण सामान्य घरातल्या पोराला इथे वाट नव्हती. परीक्षेत निदान श्रीपाद ठाकूर बसू तरी शकले. नामनियुक्तीत साहेबाच्या मर्जीला आणि घराण्याला महत्त्व आलं. वर, परीक्षेची वयोमर्यादाही एकविसावरून एकोणीसवर आणली गेली, म्हणजे इथून जाणाऱ्या मुलाला ती वाटही जवळजवळ बंद. हा प्रयोग दहा-बारा वर्षांत गुंडाळावा लागला. सरकारी नोकऱ्यांचा विचार करायला नेमलेल्या अॅचिसन आयोगानंतर वरिष्ठ ती ‘इंपीरियल’ आणि खालची ती ‘प्रांतिक’ सेवा अशी फोड झाली. डेप्युटी कलेक्टर वगैरे प्रांतिक सेवेतले लोक इथल्या सरकारनं नेमायचे, कलेक्टरच्या खुर्चीची किल्ली लंडनकडेच.

म्हणून आपल्या पुढाऱ्यांची मागणी ‘अधिकार इथल्या सरकारला द्या’ अशी नव्हती. परीक्षा एकाच वेळी लंडनमध्ये आणि हिंदुस्थानात घ्या, ही त्यांची मागणी होती. माणसाच्या मर्जीपेक्षा उत्तरपत्रिकेवर त्यांचा विश्वास जास्त होता, आणि तो बरोबर होता. २ जून १८९३ रोजी ब्रिटिश कॉमन्स सभेनं तसा ठरावही मंजूर केला. मग इथल्या सरकारांचं मत मागवलं गेलं. मद्रास सोडून सगळ्यांनी विरोध केला आणि ठराव धूळ खात पडला. लंडनच्या सभागृहात मिळालेलं इथल्या सचिवालयांनी काढून घेतलं. अलाहाबादला ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडलं.

१८९७ मध्ये गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. तिथे त्यांनी पगार आणि पेन्शनीचा हिशेब तर मांडलाच, पण त्यापलीकडचं एक नुकसान सांगितलं. या व्यवस्थेत आमच्या माणसांची वाढच खुंटते, आमच्यातल्या सर्वांत उंच माणसालाही वाकून राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तिशीतला तो माणूस हे बोलतो तेव्हा ते रानड्यांना डोळ्यांपुढे ठेवून बोलत असावा असं मला नेहमी वाटतं. पुढे १९१२ मध्ये इस्लिंग्टन आयोगावर ते सभासद झाले, पण अहवाल पुरा होण्याआधी, फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले.

मंत्री आपला, सचिव लंडनचा

खरी सोपवणूक १९१९ च्या कायद्यापासून सुरू होते. त्यात ९६-ब नावाचं कलम आहे. सेवांची वर्गवारी, भरती, पगार, शिस्त यांचे नियम भारतमंत्री आणि त्यांचं कौन्सिल करील, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत नियम करण्याचा अधिकार ते भारत सरकारला किंवा प्रांतिक सरकारांना सोपवू शकेल, असं त्यात म्हटलं होतं. भाषा रूक्ष आहे, पण हीच ती फट. याच कलमात दुसरी एक ओळ होती, की नोकराला बडतर्फ करण्याचा अधिकार, ज्यानं त्याला नेमलं त्याच्याहून खालच्या कोणालाही नाही. ही ओळ लक्षात ठेवा.

त्याच कायद्यानं प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, आरोग्य, शेती ही ‘सोपीव’ खाती निवडून आलेल्या सभासदांतल्या मंत्र्यांकडे, आणि महसूल, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या हातात. मुंबईत १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झाले रँग्लर परांजपे. फर्ग्युसनचे प्राचार्य राहिलेला, केंब्रिजचा सीनियर रँग्लर, शिक्षण ज्याच्या हाडीमासी भिनलेलं असा माणूस. पण त्यांच्या खात्यातले वरिष्ठ अधिकारी इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसचे, म्हणजे भारतमंत्र्यानं नेमलेले. मंत्र्याला त्यांना काढता येणार नाही, त्यांचा पगार बदलता येणार नाही, आणि मंत्र्याच्या हुकुमावर त्यांना थेट लंडनपर्यंत दाद मागता येणार. खात्याचा सचिव मंत्र्याला वळसा घालून गव्हर्नरपुढे प्रकरण नेऊ शके. याहून मोठी गोष्ट अंदाजपत्रकातली: ज्यांची नेमणूक राजानं किंवा भारतमंत्र्यानं केली, अथवा राजाच्या मान्यतेनं झाली, त्यांच्या पगारावर प्रांताच्या कायदे कौन्सिलला मतदान करता येत नसे. म्हणजे नेमणुकीच्या कागदावर लंडनचं नाव आलं, की तो माणूस लोकप्रतिनिधींच्या मतापलीकडे गेला. मान्यता हा शब्द किती खोल जातो ते इथे दिसतं.

ही ओढाताण चालणारी नव्हती. १९२३ मध्ये लॉर्ड ली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यात मुंबईचे एन. एम. समर्थही होते. १९२४ च्या अहवालानं काय ठरवलं, तर सोपीव खात्यांतल्या सेवांसाठी यापुढे लंडननं भरती करू नये. शिक्षण, शेती, पशुवैद्यकी, रस्ते आणि इमारती यांचे नवे अधिकारी प्रांतिक सरकारांनीच नेमावेत. सिव्हिल सर्व्हिस, पोलीस आणि पाटबंधारे मात्र भारतमंत्र्याकडेच राहावेत. जंगल खात्याची एक महत्त्वाची नोंद आहे: इतरत्र ते लंडनकडे राहिलं, पण मुंबई आणि ब्रह्मदेशात जंगल हे खातं सोपीव होतं, त्यामुळे तिथली भरती प्रांताकडे आली. ठाण्याच्या किंवा कारवारच्या जंगलावर येणारा नवा अधिकारी मुंबई सरकारनं नेमलेला, आणि मध्य प्रांतातल्या चांद्याचा लंडननं नेमलेला.

लक्षात घ्या, जे सोपवलं ते शाळा, बैल आणि रस्ते. जे ठेवलं ते महसूल, पोलीस आणि कालव्याचं पाणी. राज्य ज्यांच्या बळावर चालतं तिथे सही हलली नाही. सिव्हिल सर्व्हिसमध्ये पंधरा वर्षांत निम्मे हिंदी अधिकारी होतील असं आश्वासन मिळालं, पण नेमणार लंडनच.

सप्टेंबर १९२४ मध्ये हा अहवाल केंद्रीय विधानसभेपुढे आला, तेव्हा मोतीलाल नेहरूंनी मांडलेली दुरुस्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत स्वच्छ मागणी वाटते. भारतमंत्र्याचे नेमणुकीचे आणि नियंत्रणाचे अधिकार भारत सरकारला आणि प्रांतिक सरकारांना द्या, पण ते वापरले जावेत इथल्या विधिमंडळांनी केलेल्या कायद्यांखाली. सभागृहानं ती मंजूर केली. लिटनच्या नियमांत जे राहून गेलं होतं, ते इथे नेमकं पकडलेलं आहे. सरकारनं अर्थातच ते मानलं नाही. त्याऐवजी १९२६ मध्ये लोकसेवा आयोग आला, तोही सल्ला देण्यापुरता.

कालचा हाताखालचा, आजचा गव्हर्नर

१९३५ च्या कायद्यानं प्रांतांना स्वायत्तता दिली. १९३७ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत). द्विदल पद्धत गेली, सगळी खाती मंत्र्यांकडे आली. तरी सिव्हिल सर्व्हिस, पोलीस आणि मुलकी वैद्यकीय सेवेतली नेमणूक भारतमंत्र्याकडेच राहिली. या अधिकाऱ्यांसाठी काही पदं राखीव होती, आणि त्या पदांवरच्या नेमणुका गव्हर्नरनं स्वतःच्या निर्णयानं करायच्या होत्या. मंत्र्यानं सल्ला द्यावा, तो मानलाच पाहिजे असं नाही.

हे किती अवघड होतं ते १९३८ मध्ये ओरिसात दिसलं. गव्हर्नर सर जॉन हबॅक रजेवर जाणार होते. त्यांच्या जागी हंगामी गव्हर्नर म्हणून नाव जाहीर झालं जॉन डेन यांचं. डेन त्याच प्रांतात महसूल आयुक्त होते, म्हणजे विश्वनाथ दास यांच्या मंत्रिमंडळाच्या हाताखाली काम करत होते. आज ज्याला मंत्र्यांनी हुकूम द्यायचा, उद्या त्याच्यापुढे त्यांनी फायली ठेवायच्या, आणि काही महिन्यांनी तो परत त्यांच्याच हाताखाली येणार. दास मंत्रिमंडळानं राजीनाम्याची तयारी केली, काँग्रेस आणि गांधीजी पाठीशी उभे राहिले. शेवटी हबॅक यांनी रजाच रद्द केली. नेमणुकीचा अधिकार कोणाचा यावर एक अक्षरही बदललं नाही, पण तो वापरता आला नाही. लंडनची सही थांबवता येते, हे तेव्हा पहिल्यांदा इतकं उघड दिसलं.

लंडननं सिव्हिल सर्व्हिसमध्ये शेवटची भरती केली ती १९४३ मध्ये. ऑक्टोबर १९४६ मध्ये सरदार पटेलांनी प्रांतांच्या पंतप्रधानांची बैठक घेतली, आणि आयएएस व आयपीएस या नव्या सेवांचा निर्णय झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये भारतमंत्र्याचं पदच संपलं.

ती लक्षात ठेवायला सांगितलेली ओळ मात्र संपली नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ च्या पहिल्या खंडात ती आहे: ज्या प्राधिकाऱ्यानं नेमणूक केली त्याला दुय्यम असलेला प्राधिकारी त्या नोकराला बडतर्फ करू शकत नाही. आयएएस अधिकाऱ्याची नेमणूक राष्ट्रपती करतात. म्हणून गडचिरोलीच्या कलेक्टरची बदली राज्य सरकार करू शकतं, त्याला निलंबितही करू शकतं, पण घरी पाठवायचं झालं तर फाइल दिल्लीला जाते, आणि तिच्यावरही शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’ असंच लिहिलेलं असतं.